कोंडायचं कुणाला?

आपण फेसबुक बंद करून दुसऱ्या कामाला लागलो तरी फेसबुक आपल्या मागे येतं आणि हे थांबलं पाहिजे, एवढ्यावर माझं आणि मावशीचं एकमत आहे. थांबवायचं कुणी, यावर मात्र आमचं कधीच जमत नाही. मावशी साताऱ्याला जिल्हा ग्राहक आयोगात वकिली करते. मी पुण्यात ब्राउझरच्या सुरक्षेचं काम करते. तिचा भरवसा कायद्यावर आणि माझा भिंतीवर. भिंत सॉफ्टवेअरची: ब्राउझरच्या आत एक बंद कप्पा करायचा, सोशल नेटवर्क त्यातच ठेवायचं आणि कप्प्याबाहेरचं काही त्याला दिसू द्यायचं नाही. आमच्याकडे याला कंटेनर म्हणतात. परवा हा वाद पुन्हा निघाला आणि नेहमीपेक्षा बराच पुढे गेला, म्हणून लिहून काढते आहे.

"आधी दाखव," मावशी म्हणाली. "मागे येतं, मागे येतं असं सगळेच म्हणतात. आयोगापुढे मी असं नुसतं म्हटलं तर पुरावा मागतील."

तिच्याच लॅपटॉपवर क्रोममध्ये एका औषधविक्रीच्या साइटचं पान उघडलं. ती फेसबुकवर लॉग-इन होतीच. डेव्हलपर टूल्समधला 'नेटवर्क'चा तक्ता उघडून पान रिफ्रेश केलं, तशा ओळीमागून ओळी धावायला लागल्या. त्यातली एक तिला बोटाने दाखवली. विनंती फेसबुकच्या पत्त्यावर जात होती. तिच्यात 'पेजव्ह्यू' असं घटनेचं नाव होतं, आणि त्यापुढे आम्ही बघत होतो त्या पानाचा पूर्ण पत्ता होता, औषधाच्या नावासकट. खाली कुकींची यादी होती. 'सी-युजर' नावाच्या कुकीत एक लांबलचक आकडा होता.

"हा आकडा तुझा. तुझ्या फेसबुक खात्याचा क्रमांक."

मावशीने चष्मा पुढे ओढला. "म्हणजे मी कोण आणि मी कसलं औषध बघतेय, हे दोन्ही एकाच पाकिटात? मी तर कुठलं बटणसुद्धा दाबलेलं नाही."

"पान उघडलंस तेवढं पुरतं. दुकानदाराने जाहिरातींचा हिशोब लागावा म्हणून आपल्या साइटवर मेटाचा, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीचा, पिक्सेल नावाचा छोटा कोड बसवलेला असतो. तो आपलं काम करतो."

"दुकानांचं सोड. दवाखान्यांच्या साइटवरही असतं हे?"

असतं, आणि त्याची चांगली नोंद झालेली आहे. अमेरिकेतल्या 'द मार्कअप' या वृत्तसंस्थेने जून २०२२ मध्ये तिथल्या नावाजलेल्या १०० रुग्णालयांच्या साइट तपासल्या. त्यातल्या ३३ ठिकाणी रुग्णाने अपॉइंटमेंटचं बटण दाबलं की पिक्सेल फेसबुककडे माहिती पाठवत होता. काही ठिकाणी डॉक्टरचं नाव आणि रुग्णाने शोधलेली तक्रारही त्यात होती. बातमी आल्यावर अनेक रुग्णालयांनी पिक्सेल काढून टाकला.

मग फायरफॉक्स उघडून त्यात 'फेसबुक कंटेनर' बसवला. बसवताक्षणी फेसबुकच्या सगळ्या जुन्या कुकी पुसल्या गेल्या आणि मावशी तिथून लॉग-आउट झाली. पुन्हा फेसबुक उघडलं ते वेगळ्या रंगाच्या टॅबमध्ये. तेच औषधाचं पान दुसऱ्या टॅबमध्ये उघडलं तर फेसबुककडे जाणारी विनंती अडवली गेली आणि पत्त्याच्या पट्टीत कुंपणाचं चिन्ह आलं.

"हे मोझिलाने २७ मार्च २०१८ ला आणलं," मी म्हटलं. "फेसबुकवरच्या लोकांची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीकडे गेल्याची बातमी १७ मार्चला फुटली होती. दहा दिवसांत लोकांच्या हातात साधन आलं. कुठल्या कायद्याला हे जमलंय?"

"दहा दिवसांत सुचलेलं नसणार ते."

तिचा अंदाज बरोबर होता. कंटेनर टॅबचे प्रयोग मोझिलाकडे त्याआधीच चालू होते. घरचं, कामाचं, बँकेचं असं ब्राउझिंग एकाच ब्राउझरमध्ये वेगळं ठेवण्याची सोय २०१७ मध्येच आली होती. फेसबुक कंटेनर त्याच पायावर उभा राहिला. मागची कल्पना सोपी आहे. मसाल्याच्या डब्यात हळद, तिखट, मोहरीच्या वाट्या वेगळ्या असतात, तशी प्रत्येक कंटेनरची कुकी आणि साठवलेली माहिती वेगळी. मात्र डब्याचं झाकण एकच असतं, आणि तीच त्याची मर्यादा आहे. तुमचा आयपी पत्ता, स्क्रीनचा आकार, फाँटची यादी, ब्राउझरची आवृत्ती हे सगळ्या कंटेनरांना सामाईक राहतं. त्यावरून माणूस ताडता येतो, त्याला फिंगरप्रिंटिंग म्हणतात. हे मी मावशीला आपणहून सांगितलं, कारण साधनाची मर्यादा लपवून कुणाला ते विकू नये.

ती त्या मर्यादेकडे वळली नाही. तिचा आक्षेप दुसराच होता.

"मला सांग, माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांपैकी हे कोण करणार? वाईच्या पुढून एसटीने येणारी बाई एक्सटेन्शन बसवणार? नेटवर्कचा तक्ता उघडणार? पाळत दुसऱ्याने ठेवायची आणि कुंपण मी घालायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच."

"म्हणूनच आता ते आपोआप होतं. जून २०२२ पासून फायरफॉक्स प्रत्येक साइटच्या कुकी आपणहून वेगळ्या कप्प्यात ठेवतो, कुणाला काही बसवावं लागत नाही. सफारीने तर २०२० मध्येच दुसऱ्यांच्या कुकी सरसकट बंद केल्या."

"आणि क्रोम?"

मावशीला उत्तर माहीत होतं, तरी तिने विचारलं. साक्षीदाराच्या तोंडून वदवून घ्यायची सवय आहे तिला. गूगलने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत क्रोममधून या कुकी काढण्याचं जाहीर केलं, मग मुदती वाढवत नेल्या आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. आपल्याकडे फोनवर ज्यांच्या हातात ब्राउझर आहे त्यातल्या बहुतेकांच्या हातात क्रोमच आहे.

"म्हणजे जगातली सगळ्यात मोठी भिंत ज्याने बांधायची तोच जाहिराती विकतो," ती म्हणाली. "त्याच्या मर्जीवर तुझी भिंत."

"क्रोमच्या बाबतीत मान्य. पण फोनचा विचार केलास तर फोन संगणकापेक्षा जास्त बंदिस्त आहे. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला लिनक्समधला वेगळा वापरकर्ता क्रमांक मिळतो. एका ॲपची फाइल दुसऱ्याला वाचता येत नाही. ब्राउझरमध्ये तू काय बघतेस हे फेसबुकच्या ॲपला दिसत नाही. ही भिंत सगळ्यांना मिळते, एसटीने येणाऱ्या बाईलाही."

"दिसत नाही म्हणतेस. दिसलं नाही कधी?"

दिसलं होतं. ही हकीकत मला सविस्तर सांगावीशी वाटते, कारण आमच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत याहून शिकण्यासारखं फार थोडं घडलं आहे.

३ जून २०२५ ला संशोधकांच्या एका गटाने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. माद्रिदची इम्डिया नेटवर्क्स ही संस्था, नेदरलँड्सचं रॅडबाउड विद्यापीठ आणि बेल्जियमचं ल्युव्हेन विद्यापीठ इथली ही माणसं. त्यांना आढळलं ते असं. अँड्रॉइड फोनवर फेसबुक किंवा इन्स्टाग्रामचं ॲप मागे चालू असलं की ते फोनच्या आतल्या काही ठरावीक पोर्टांवर, म्हणजे ॲपना बोलण्यासाठी असलेल्या क्रमांकाच्या दारांवर, कान लावून बसायचं. त्यातलं एक पोर्ट १२५८० क्रमांकाचं. इकडे ब्राउझरमध्ये तुम्ही एखादी साइट उघडायची. तिच्यावरचा मेटाचा पिक्सेल आपल्या कुकीतली ओळख बाहेर पाठवायचाच, पण त्याच वेळी ती 'लोकलहोस्ट'लाही पाठवायचा, म्हणजे त्याच फोनवर कान लावून बसलेल्या ॲपला. त्यासाठी व्हिडिओ कॉलकरता असलेली वेबआरटीसी ही सोय वापरली होती. ॲपमध्ये तर तुम्ही स्वतःच्या नावाने लॉग-इन असता. ते ती ओळख तुमच्या खात्याला जोडून मेटाच्या सर्व्हरवर पोचवायचं.

याचा परिणाम काय झाला ते बघा. ब्राउझरमध्ये तुम्ही फेसबुकवर लॉग-इन नसाल, कुकी पुसल्या असतील, इन्कॉग्निटो खिडकी उघडली असेल, तरी साइटवरचा अनामिक माणूस आणि ॲपमधला नावानिशी माणूस एक झाले. दोन्ही भिंती जागच्या जागी होत्या. ब्राउझरची कुकी ॲपने वाचली नाही, ॲपची फाइल ब्राउझरने उघडली नाही. दोन शेजाऱ्यांना आपसात बोलायला जी वाट मोकळी होती, तिचा वापर झाला. अँड्रॉइडवर इंटरनेटची परवानगी असलेलं कुठलंही ॲप असं पोर्ट उघडू शकतं आणि वापरणाऱ्याला त्याची सूचनाही मिळत नाही. संशोधकांच्या नोंदीप्रमाणे मेटाकडून हे सप्टेंबर २०२४ पासून चालू होतं. रशियाच्या यांडेक्सची अशीच पद्धत २०१७ पासून होती.

"आणि मग?"

"निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्याच दिवशी मेटाने हे थांबवलं. गूगलशी धोरणाच्या अर्थाबाबत बोलणं चालू आहे, असं मेटाचं म्हणणं होतं. ब्राउझरवाल्यांनी ती पोर्टं अडवायला सुरुवात केली. ब्रेव्हसारख्या ब्राउझरवर तर आधीच अडवलं जात होतं. मावशी, भिंतीला भोक पडलं, सापडलं आणि बुजवलं. तुझ्या कायद्यात भोक सापडलं तर दुरुस्तीला किती वर्षं लागतात?"

"थांब. भिंतीने थांबवलं का हे? नऊ महिने भिंत गप्पच होती. थांबलं ते चारचौघांत आलं म्हणून. ते आणलं तीन संशोधन संस्थांतल्या माणसांनी. समजा त्यांनी बघितलंच नसतं, तर?"

इथे मी थोडी गप्प झाले, कारण ती म्हणाली ते खरं आहे आणि आमच्या क्षेत्रात ते पुरेसं बोललं जात नाही. बंदिस्तपणा ही वस्तू एकदा बसवून मोकळं होण्यासारखी नाही. आत कोंडलेल्याकडे पैसा आहे, हुशार माणसं आहेत आणि बाहेर पडण्यात त्याचा रोजचा फायदा आहे.

मावशी मात्र पुढे सरकली. "आता मी तुला माझ्याकडचं सांगते. मेडिकलच्या दुकानात जा, कपड्याच्या दुकानात जा, काउंटरवरचा मुलगा पहिल्यांदा काय विचारतो?"

"मोबाइल नंबर."

"आणि तो नंबर कुठे जातो?"

नंबरांची यादी फेसबुकवर चढवून त्याच माणसांना जाहिरात दाखवता येते, ही सोय दुकानदारांना उघडपणे दिली जाते. साइटवाल्यांना पिक्सेलऐवजी किंवा पिक्सेलच्या जोडीला 'कन्व्हर्जन्स एपीआय' मिळतो. त्यात तुमच्या खरेदीची माहिती दुकानाच्या सर्व्हरवरून थेट मेटाच्या सर्व्हरवर जाते. तुमचा ब्राउझर, तुमचा फोन, तुमचा कंटेनर त्या वाटेवर कुठे लागतच नाही. नंबर उघडा पाठवत नाहीत, त्याचा 'हॅश' पाठवतात, म्हणजे गणिताने केलेलं अगम्य रूप. पण एकाच नंबरचा हॅश दुकानाकडे आणि मेटाकडे सारखाच येतो. दोन्ही जुळवले की माणूस सापडला.

"हे तुझी भिंत अडवेल?"

"नाही. इथे भिंतीचा काही उपयोग नाही."

"माझ्या कायद्याचा थोडा आहे. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना बजावलं की बिलासाठी मोबाइल नंबराचा आग्रह धरू नका. नंबर दिल्याशिवाय बिल देत नाही म्हणणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मी पक्षकारांना सांगते, नंबर देऊ नका, आणि देत नाही म्हटल्यावर बिल नाकारलं तर माझ्याकडे या."

"किती जण आले?"

"अजून कुणी नाही." मावशीने हे सरळ सांगितलं. "रांगेत मागे चार माणसं उभी असतात, मुलगा घाईत असतो, लोक नंबर सांगून मोकळे होतात. हक्क आहे हे माहीत असूनही सांगतात."

मला हाच मुद्दा मांडायचा होता. एक्सटेन्शन बसवण्याचा भार माणसावर नको म्हणणारा कायदा नकार देण्याचा भार मात्र त्याच माणसावर टाकतो. प्रत्येक साइटवर 'मान्य आहे'चा पट्टा येतो आणि लोक न वाचता दाबतात. आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींसाठी आणखी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. त्याचाही सारा डोलारा संमतीवर उभा आहे. दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो हे खरं. पण संमती मिळाली असं दाखवणं कंपनीला कठीण नाही. भिंतीला संमती मागावी लागत नाही, एवढी तिची बाजू मी मावशीपुढे लावून धरली.

"बरं, संमतीच घे," ती म्हणाली. "केंब्रिज ॲनालिटिकात भारतातल्या किती जणांनी ते प्रश्नमंजूषेचं ॲप घेतलं होतं?"

"३३५."

"आणि माहिती किती जणांची गेली?"

"फेसबुकच्याच अंदाजाने ५ लाख ६२ हजार."

"म्हणजे ३३५ जणांनी संमती दिली आणि साडेपाच लाखांची माहिती गेली. त्या साडेपाच लाखांनी प्रत्येकी दहा कंटेनर बसवले असते तरी काय फरक पडला असता? त्यांची माहिती त्यांच्या मित्रांनी दिली. माझा नंबर माझ्या भावाच्या फोनमध्ये आहे. त्याने संपर्कांची यादी चढवली की मीही चढले. मी खातं उघडलं असेल नसेल."

खातं नसलेल्यांची माहितीही गोळा होते हे मार्क झुकरबर्ग यांनी एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे मान्य केलं आहे. सुरक्षेच्या कारणासाठी, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

पण मावशीचा हा मुद्दा ऐकताना मला एक जुनं संशोधन आठवलं आणि तिथून आमच्या वादाला वेगळंच वळण लागलं.

"फरक पडला असता," मी म्हटलं, "कंटेनर योग्य जागी असता तर. २००९ मध्ये 'एक्सबुक' नावाचं एक काम प्रसिद्ध झालं. कपिल सिंग, सुमीर भोला आणि वेन्के ली या तिघांचं. फेसबुकने २००७ मध्ये बाहेरच्या ॲपना दार उघडलं होतं. ॲप फेसबुकच्या आत दिसायचं, पण चालायचं स्वतःच्या सर्व्हरवर. माहिती एकदा तिकडे गेली की तिचं पुढे काय होतं यावर कुणाचा ताबा नाही. या तिघांचं म्हणणं होतं, माहिती ॲपकडे पाठवूच नका, ॲपला माहितीकडे बोलवा. सोशल नेटवर्कने स्वतःकडे बंद कप्पे ठेवायचे. ॲपचे तुकडे त्या कप्प्यांत चालायचे. कुठल्या तुकड्याला काय दिसेल आणि तो बाहेर कुठल्या सर्व्हरशी बोलेल हे ॲपवाल्याने आधी जाहीर करायचं, आणि ते पाळलं जातंय की नाही हे कप्प्याने बघायचं. समज, राशिभविष्याचं ॲप आहे. त्याला जन्मतारीख लागते. ती घेणारा तुकडा वेगळा आणि त्याला बाहेर जायला वाटच नाही. तो आतल्या आत भविष्य काढून तुला दाखवेल. तुझी जन्मतारीख ॲपच्या मालकाच्या हाती पडणार नाही. मित्रांच्या यादीचंही तसंच."

मावशीने सरळ बसून विचारलं, "हे २००९ चं? आणि ते साडेपाच लाख कधीचे?"

"ॲप २०१४ च्या सुमाराचं. मित्रांची माहिती देणारी वाट फेसबुकने २०१५ मध्ये बंद केली."

"म्हणजे साधन कागदावर तयार होतं, पाच वर्षं आधी. वापरलं का नाही?"

"ॲपवाल्यांना ते आवडलं नसतं. त्यांना माहितीच हवी होती. ॲप वाढली तर फेसबुक वाढणार होतं."

"मग इतका वेळ तू मला चुकीच्या माणसाला कोंडायला सांगत होतीस," मावशी म्हणाली. "माझ्या लॅपटॉपवर कुंपण. माझ्या फोनवर कुंपण. खरं तर कोंडायला पाहिजे माहिती घेणाऱ्याला, त्याच्या घरात."

मी तिला लगेच हो म्हटलं नाही. ब्राउझरमधलं कुंपण आज, आत्ता, कुणाची परवानगी न मागता घालता येतं, आणि त्याने खरोखर विनंती अडते हे मी तिला दाखवलं होतं. पण ती म्हणते त्या जागेची भिंत जास्त लोकांना वाचवते, यात मला शंका नाही. तिथे मावशीला भावाच्या फोनवर अवलंबून राहावं लागत नाही. काउंटरवर नंबर दिला तरी त्या नंबराला जाहिरातीच्या कप्प्यात शिरता येत नाही. अडचण एवढीच की ती भिंत मला बांधता येणार नाही. ती ज्याच्या घरात आहे त्यानेच बांधायची, आणि तो आपणहून बांधत नाही हे २००९ पासून दिसलं आहे.

"म्हणून कायदा," मावशी म्हणाली. "आणि झालंय असं. जर्मनीत."

हे मला माहीत होतं, पण या बाजूने मी त्याकडे पाहिलं नव्हतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने, बुंडेसकार्टेलआम्टने, फेसबुकला आदेश दिला की व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि बाहेरच्या साइटवरून आलेली माहिती वापरणाऱ्याच्या खऱ्याखुऱ्या संमतीशिवाय फेसबुक खात्याला जोडायची नाही. नाही म्हणणाऱ्याला सेवा नाकारायचीही नाही. नियामकाचे अध्यक्ष आंद्रेआस मुंट यांनी याचं वर्णन कंपनीच्या आतच माहितीची वाटणी करण्यासारखं केलं होतं. कंपनी न्यायालयात गेली. जुलै २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने नियामकाच्या बाजूने निकाल दिला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मेटाने केलेल्या बदलांनंतर प्रकरण बंद झालं. खाती वेगळी ठेवायची की जोडायची हे आता तिथला माणूस ठरवू शकतो.

"हा तुझा कंटेनरच आहे," मावशी म्हणाली. "फक्त नियामकाच्या आदेशाने घातलेला."

"आणि भारतात?"

भारतात अर्धा रस्ता झाला आणि मग वाट बदलली. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवं धोरण आणलं, स्वीकारा नाहीतर सोडा अशा थाटात. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला आणि जाहिरातींसाठी व्हॉट्सॲपची माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना द्यायला पाच वर्षांची बंदी घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण ती पाच वर्षांची बंदी काढून टाकली.

दंड राहिला आणि भिंत गेली, याचं मला फार वाईट वाटतं. २१३ कोटी ही मेटाच्या हिशोबात नाव घेण्याजोगी रक्कम नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१९ मध्ये याच कंपनीला ५ अब्ज डॉलरचा दंड केला, त्याने पाच वर्षांनी फोनच्या आत पोर्ट उघडणं थांबलं नाही. दंड भरून धंदा पूर्वीसारखा करता येतो. माहिती एकत्र करता येत नसेल तर धंद्याची पद्धतच बदलावी लागते. आपल्याकडे जी गोष्ट टिकायला हवी होती ती बंदी होती.

मावशीचं मत याहून सौम्य होतं. "वापरणाऱ्याला निवड द्यायला सांगितलंय, तेही काही कमी नाही. त्यावर पुढे बांधता येईल."

"निवड म्हणजे पुन्हा मान्य आहेचा पट्टा."

"तो कसा असावा हे सांगायला तुमच्यासारखी माणसं लागतात. न्यायाधीशाला तुझा नेटवर्कचा तक्ता माहीत नसतो. त्याच्यापुढे कंपनीचा माणूस उभा राहून सांगतो की आम्ही माहिती वेगळी ठेवतो. ते खरं की खोटं हे कुणी बघायचं? आदेश मी मिळवून देईन गं, पण आदेश पाळला जातोय हे मी कशावरून सांगू?"

आणि आमची खरी अडचण इथे होती, दोघींची सारखीच. घरातल्या कुंपणाची तपासणी मी स्वतः करू शकते, कारण ब्राउझर माझा आहे. मेटाच्या सर्व्हरवरच्या भिंतीची तपासणी बाहेरच्याला करता येत नाही. अँड्रॉइडमधलं ते भोक दिसलं कारण फोन संशोधकांच्या हातात होता. सर्व्हर तसा कुणाच्या हातात नसतो.

"युरोपात त्यांना काही संरक्षण आहे का? शोधणाऱ्यांना?" मावशीने विचारलं.

"काही देशांत थोडंफार. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३ वं आणि ६६ वं कलम आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं, माहिती काढणं. चांगल्या हेतूने भोक शोधणाऱ्याला त्यात वेगळी सूट लिहिलेली नाही. माझ्या ओळखीतली माणसं चूक सापडली तरी कळवायला कचरतात. नोटीस येईल म्हणून."

"४३ मी वाचलंय. ६६ मध्ये अप्रामाणिकपणे किंवा कपटाने असा शब्द आहे. शोधणारा त्यात बसत नाही."

"न्यायालयात बसत नाही. पोलीस चौकीत कुणाला समजावायचं?"

मावशीने यावर बराच वेळ काही म्हटलं नाही. मग वही ओढली. "मला एक पान लिहून दे. आज दाखवलंस ते. कुठल्या ओळीत काय जातं, तो आकडा कुठला, पुन्हा करून बघायचं तर काय काय करायचं. कुठल्याही वकिलाला करता आलं पाहिजे. औषधांच्या साइटपासून सुरू करू. तिथे तर पान माझ्याच लॅपटॉपवर उघडतं, कुणाच्या यंत्रणेत शिरायची गरज नाही."

"आणि कन्व्हर्जन्स एपीआयचं काय? ते लॅपटॉपवर दिसणार नाही."

"त्यासाठी दुकानदाराला विचारायचं, माझी माहिती कुणाकुणाला दिली त्यांची नावं द्या. नव्या कायद्यात तो हक्क आहे. मुदत संपली की लगेच." तिने लिहायला सुरुवात केली होती. "पण मला फायरफॉक्समधली ती कुंपणाची गोष्ट फोनवर कशी करायची तेही सांग. तोपर्यंत मी काय करू?"

"फेसबुकचं ॲप काढून टाक आणि ब्राउझरमधून वापर."

"इन्स्टाग्रामवर नातीचे फोटो येतात."

"तेही ब्राउझरमधून दिसतात. जरा हळू."

"चालेल," मावशी म्हणाली. "ते पान मात्र रविवारपर्यंत दे."